ताटल्या मध्ये, वाटी आपापली: चिनी घरच्या जेवणाबद्दल वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातल्या वाचकांनी चिनी जेवणाबद्दल पाठवलेल्या पत्रांना ही उत्तरं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: वाळूजच्या कारखान्यात मशीन बसवायला दोन चिनी तंत्रज्ञ आले आहेत. त्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायचं आहे. आम्ही घरचे चौघं. मांसाहार होत नाही, अंडं चालतं. पुरणपोळी करावी की चायनीज? (छत्रपती संभाजीनगर)

पुरणपोळी जरूर करा, पण ती शेवटी, चतकोर तुकडा, चहासोबत द्या. चिनी घरात गोड पदार्थाला मुख्य जेवणात जागा नसते आणि भरगच्च गोड बहुतेकांना जड जातं. बाकी पदार्थ तुमचे असोत की त्यांचे, त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वाढण्यात.

आपण ताट वाढून पुढे ठेवतो. त्यांच्याकडे प्रत्येकापुढे फक्त भाताची वाटी, एक छोटी बशी, चमचा आणि चॉपस्टिक, म्हणजे जेवायच्या दोन काड्या, असतात. भाज्या, अंडी, सार, जे काही कालवण असेल ते सगळं टेबलाच्या मध्ये. भात ज्याचा त्याचा, कालवण सगळ्यांचं. या एका गोष्टीवर त्यांचा सगळा स्वयंपाक बेतलेला आहे. मधल्या ताटलीतून उचलायचं म्हणून प्रत्येक जिन्नस एका घासाएवढा, स्वयंपाकघरातच चिरून येतो. सुरी टेबलावर येत नाही. त्यामुळे भरली वांगी करणार असाल तर ती अख्खी ठेवू नका, चार फाका सुट्या करून ताटलीत मांडा.

सहा माणसांना पाच पदार्थ आणि एक पातळ सार पुरे. इथे आपल्याकडे एक हमखास चूक होते: प्रत्येक भाजी सहा जणांना पोटभर पुरेल एवढी केली जाते आणि निम्मं अन्न उरतं. पाच पदार्थ असतील तर एकेका पदार्थाला ४०० ते ५०० ग्रॅम भाजी बास. तांदूळ ४५० ग्रॅम घ्या, इंद्रायणी किंवा आंबेमोहर. बासमती नको, त्याची मोकळी शितं काड्यांनी उचलत नाहीत. भातात मीठ, तूप, जिरं काही घालू नका. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण काढू नका.

भाताची वाटी स्टीलची नको. चिनी माणूस वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेतो, आणि गरम भाताची स्टीलची वाटी हातात धरवत नाही. पाव लिटरच्या आसपास मावेल असा चिनी मातीचा किंवा मेलामाइनचा बाउल घ्या.

त्यांच्या घरी रोज होणारे दोन पदार्थ तुम्हाला सहज जमतील. एक टोमॅटो-अंडं: चार अंडी फेटून गरम तेलात सैलसर परतून बाजूला काढायची, त्याच कढईत ४०० ग्रॅम टोमॅटो मीठ आणि चमचाभर साखर घालून मऊ करायचे, मग अंडी परत घालून अर्धं मिनिट परतायचं. दुसरा आंबट-तिखट बटाटा, आणि याला हात बसावा लागतो. अर्धा किलो बटाट्यांचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करा, कापांच्या तेवढ्याच बारीक काड्या चिरा. किसणीवर किसू नका, कडा चिरडतात आणि लगदा होतो. काड्या पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, साधारण तीन पाण्यांतून. वरचा स्टार्च राहिला तर काड्या कढईला आणि एकमेकींना चिकटतात. नीट निथळून घ्या. कढईत दोन मोठे चमचे तेल धूर येईपर्यंत तापवा, चार सुक्या मिरच्या टाका, मग बटाटा मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता. व्हिनेगर एक मोठा चमचा, त्यातलं अर्धं सुरुवातीलाच घाला. आंबटपणामुळे बटाटा मऊ पडत नाही. उरलेलं व्हिनेगर आणि मीठ शेवटी. घरच्या गॅसवर अर्धा किलो एकदम टाकलं तर आच पडते आणि पाणी सुटतं, म्हणून दोन वेळा करा. काडी दाताखाली कुरकुरली पाहिजे. घरच्यांना तो कच्चा वाटेल, पाहुण्यांना बरोबर वाटेल.

सार म्हणून येसर आमटी द्या, तिखट निम्म्यावर आणून, छोट्या वाट्यांत. ज्वारीची भाकरी ठेवायलाही हरकत नाही. उत्तर चीनमध्ये ज्वारी पिकते आणि बायज्यू नावाची त्यांची दारू मुख्यतः तिच्यापासूनच काढतात.

टेबल लांबट असेल तर प्रत्येक पदार्थ दोन ताटल्यांत करून दोन्ही टोकांना ठेवा, म्हणजे कुणाला कुणाच्या पुढून हात घालावा लागणार नाही. पाहुण्यांमधल्या वयाने मोठ्या माणसाला दाराकडे तोंड होईल अशी जागा द्या. आग्रह करायला संकोच नको. पाहुण्याच्या वाटीत चांगला घास आपल्या हाताने घालणं हा त्यांच्याकडेही यजमानाचा मान आहे.

प्रश्न: तोंडात घातलेल्या काड्या पुन्हा सगळ्यांच्या ताटलीत घालतात. मग उष्ट्याचं काय? त्यांना किळस वाटत नाही का? (परभणी, याच आशयाची पत्रं वसमत आणि सेलूहूनही)

घरात तसंच चालतं, आणि घरच्या माणसांत त्याची किळस मानत नाहीत. आपल्याकडे उष्ट्याचा संबंध सोवळ्या-ओवळ्याशी आहे, त्यांच्याकडे तो नाही. तिकडे प्रश्न उठतो तो आरोग्याचा.

हा फरक एका चिनी माणसाने आपल्याच भागात फिरून नोंदवला आहे. ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला. त्याने वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात. भारतीयांबद्दल त्याने लिहिलं: हे लोक जेवणापूर्वी अंग धुतात, उरलंसुरलं पुन्हा वाढत नाहीत, जेवणाची भांडी एकमेकांना देत नाहीत, मातीची आणि लाकडाची भांडी वापरून झाली की टाकून देतात, धातूची घासून लखलखीत करतात.

पण म्हणून त्याच्या देशात तेव्हा सगळे एका ताटलीतून खात होते असं समजू नका. ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ असं जे सांगितलं जातं ते चूक आहे. हान राजवटीत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, चिनी लोक चटईवर बसत आणि प्रत्येकापुढे बुटक्या पायांचं स्वतंत्र तबक असे. उंच टेबल आणि खुर्च्या थांग काळात (इ.स. ६१८ ते ९०७) पसरू लागल्या आणि सोंग काळात (इ.स. ९६० ते १२७९) रुळल्या. मोठ्या टेबलाभोवती सगळे आले, तसे पदार्थही मध्ये आले. म्हणजे ही रीत सुमारे हजार वर्षांची आहे.

तिच्यावर ठाम आक्षेप घेतला तो एका चिनी डॉक्टरनेच. ईशान्य चीनमधल्या मांचुरियात १९१०-११ साली फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसं गेली. ती साथ आवरणारे डॉक्टर वू लिएन-तेह यांनी १९१५ साली फिरत्या तबकाची कल्पना मांडली: मध्ये फिरणारी गोल फळी आणि प्रत्येक पदार्थाला वाढून घ्यायचा वेगळा चमचा. ताटल्या मध्येच राहाव्यात, पण लाळ त्यांत जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. माणसांना वेगळं बसवा असं त्यांनी म्हटलं नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. २००३ ची सार्सची साथ आणि २०२० चा कोरोना यांनंतर सरकारनेही वाढण्याच्या वेगळ्या काड्यांचा प्रचार केला. पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू एका घरातल्या माणसांत पसरतो, म्हणून डॉक्टरही वेगळ्या काड्यांचा आग्रह धरतात.

या वाढायच्या काड्या वेगळ्या रंगाच्या आणि थोड्या लांब हव्यात. सगळ्या सारख्या असल्या की बोलण्याच्या नादात माणूस त्याच तोंडात घालतो आणि सगळी खबरदारी वाया जाते. तुमच्याकडे चिनी पाहुणे येणार असतील तर प्रत्येक ताटलीत एक वाढायचा चमचा ठेवा. कुणालाही वाईट वाटणार नाही.

ज्या घरात वेगळ्या काड्या वापरत नाहीत तिथेही शिस्त असतेच. ताटलीच्या आपल्याकडच्या बाजूचं, वरचं घ्यायचं. आवडीचा तुकडा शोधत खालपर्यंत उकरायचं नाही. ज्याला काडी लागली तो तुकडा आपला. काड्या चाटायच्या नाहीत. आणि भातात उभ्या रोवायच्या नाहीत, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. एवढी एक गोष्ट पाहुण्यासमोर चुकूनही करू नका.

प्रश्न: जालन्यात आमचा धंदा आहे. एप्रिलमध्ये ग्वांगझोऊच्या कँटन फेअरला जातोय. पुरवठादार जेवायला नेतात असं ऐकलं. मी शाकाहारी आहे, कांदा-लसूणही टाळतो. (जालना)

हे प्रदर्शन १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतं आणि तिथल्या ओळखी जेवणाच्या टेबलावर पक्क्या होतात. म्हणून टाळू नका, तयारीने जा.

शाकाहाराचं आधी लेखी कळवा. तेही ‘मांस नको’ एवढंच नाही. तिथे मांसाचे तुकडे नसले की पदार्थ चालेल असं पुष्कळदा धरलं जातं. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस (शिंपल्यांपासून केलेला) असतो, टोफूत किंवा परतलेल्या घेवड्यात डुकराचा खिमा असतो, सुपाचं पाणी कोंबडीचं असतं, तेलाच्या जागी चरबी असू शकते. ‘मांस, मासे, खिमा, हाडांचं पाणी, प्राण्यांची चरबी, ऑयस्टर सॉस नको’ असं चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या आणि वाढप्याला दाखवा.

तुमच्यासाठी सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे बौद्ध पद्धतीची शाकाहारी भोजनालयं. ती बहुधा मंदिरांच्या आसपास असतात. तिथे कांदा, लसूण आणि त्या जातीच्या पाती वर्ज्य असतात. त्यांच्या वर्ज्य यादीत हिंगसुद्धा आहे. मात्र बटाटा, मुळा, कमळकाकडी, अळंबी चालते, तेव्हा कंदमुळं टाळत असाल तर तेही सांगा. पुरवठादाराला अशाच जागी बोलावून एक जेवण तुम्ही द्या. यजमान तुम्ही असलात की पदार्थही तुम्हीच मागवता.

गेल्या गेल्या खुर्ची पकडू नका, बसवतील तिथे बसा. औपचारिक जेवणात बहुधा यजमान दाराकडे तोंड करून बसतो आणि प्रमुख पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. घरी ती दारासमोरची जागा वडीलधाऱ्यांची. फिरत्या काचेवर नवीन पदार्थ आधी प्रमुख पाहुण्यासमोर थांबतो. तो घेत नाही तोवर इतर थांबतात. तुम्ही प्रमुख पाहुणे असाल आणि पदार्थ चालणारा नसेल, तरी थोडी काच फिरवून पुढच्याला वाट करून द्या, नाहीतर सगळे ताटकळतात. दुसरा कुणी घेत असताना काच फिरवू नका.

दारू घेत नसाल तर पहिल्याच पेल्याला सांगा आणि चहाचा पेला उचला. मध्येच सोडली तर वाईट दिसतं, पहिल्यापासून नसेल तर कुणी धरून बसत नाही. पेला भिडवताना मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपला पेला थोडा खाली धरायचा.

ग्वांगझोऊत जेवणाआधी वाट्या-पेले गरम चहाने विसळतात, ते पाणी प्यायचं नसतं. कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करणं म्हणजे धन्यवाद. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की वाढपी पाणी भरतो. बिल बोलावणाऱ्याचं. एक-दोनदा पैसे द्यायला पुढे व्हा, पण ‘अर्धं-अर्धं करू’ म्हणू नका.

प्रश्न: आमच्याकडे येळवशीला पुण्या-मुंबईला गेलेली पोरं शेतात भज्जी-उंडे खायला परत येतात. चीनमध्ये घरं इतकी पांगली आहेत, तिथे कुणी एकत्र जेवतं का? एकत्र कुटुंब राहिलंय का? (लातूर)

एका छपराखालचं एकत्र कुटुंब शहरात फारसं राहिलं नाही. पण वर्षातलं एक जेवण कुणी चुकवत नाही: चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्रीचं. २०२६ मध्ये नववर्ष १७ फेब्रुवारीला, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला. घरी परतणाऱ्यांची गर्दी इतकी, की रेल्वे त्यासाठी चाळीस दिवसांचा वेगळा हंगाम धरते. २०२५ पासून त्या आदल्या दिवशीही सरकारी सुट्टी आहे. त्या रात्री पुष्कळ घरांत आधी पूर्वजांपुढे अन्न आणि पेला ठेवतात, मग माणसं जेवायला बसतात. अख्खा मासा असतो आणि तो मुद्दाम थोडा शिल्लक ठेवतात, येत्या वर्षाला काहीतरी उरावं म्हणून. उत्तरेत ज्याओझ, म्हणजे मोमोसारखे उकडलेले डंपलिंग, दक्षिणेत चिकट तांदळाची वडी. जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी काही घरांत वाटी आणि काड्या मांडून ठेवतात.

ही रात्र रीतीप्रमाणे नवऱ्याच्या घरची. लेक जावयासह माहेरी येते ती नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी. १९८० पासून २०१५ अखेरपर्यंत चाललेल्या एक-मूल धोरणाने इथे मोठा पेच पडला. नवराही एकुलता, बायकोही एकुलती. मग एका बाजूचे म्हातारे आई-वडील त्या रात्री एकटे जेवणार. कुणी आळीपाळीने वर्षं वाटून घेतं, कुणी दोन्हीकडच्यांना एकाच टेबलावर बोलावतं. हॉटेलातली त्या रात्रीची टेबलं आधीच भरतात याचं हेही एक कारण. दोन्हीकडच्यांना एकत्र बोलावण्याचा मार्ग आम्हाला जास्त माणुसकीचा वाटतो.

तुमच्या प्रश्नाचा गाभा चुलीत आहे. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी मांडली म्हणतात. चिनी खेड्यातही वाटणी पुरी होते ती चूल वेगळी झाल्यावर. जमीन वाटली, खोल्या वाटल्या, तरी एका चुलीवर शिजतं तोवर घर एक धरतात. तिथे चुलीचा देवही आहे. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, २३ किंवा २४ तारखेला, तो घरची खबर वर सांगायला जातो म्हणून त्याला गोड चिकट खाऊ देतात.

ही चूल एकदा सरकारने मोडली. १९५८ साली गावोगावी कम्यून (जमीन आणि काम सामायिक असलेल्या वसाहती) झाली आणि सार्वजनिक भोजनगृहं उघडली. घरोघरची भांडीकुंडी जमा केली, कढया पोलादासाठी भट्टीत गेल्या. सुरुवातीला लोकांना पोटभर, हवं तेवढं वाढलं. साठा काही महिन्यांत संपला. खोट्या पीकआकड्यांवर धान्यवसुली चालूच होती. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. घरी चूल नाही, दाणा नाही, म्हणून म्हातारा किंवा आजारी माणूस भोजनगृहापर्यंत चालत गेला नाही तर त्याला दोन घास शिजवून घालायची सोयही घरच्यांच्या हातात नव्हती. १९६१ मध्ये भोजनगृहं बंद झाली आणि चुली परत पेटल्या. तिथल्या म्हाताऱ्या पिढीचा ‘जेवलास का?’ हा प्रश्न ऐकताना हे लक्षात ठेवावं.

प्रश्न: मंचुरियन चीनमध्ये कोणत्या सणाला करतात? (बीड)

कोणत्याच नाही, कारण तो चीनमधला नाही. चिकन मंचुरियन १९७० च्या दशकात मुंबईत नेल्सन वांग यांनी केल्याचं मानलं जातं आणि गोबी मंचुरियन त्यावरूनच आलं. मांचुरिया हा ईशान्य चीनचा भाग, तिथे तुम्हाला ज्याओझ मिळतील. चिनी पाहुण्याला मंचुरियन जरूर खाऊ घाला, भारतीय पदार्थ म्हणून.

प्रश्न: आमच्या शाळेत चिनी नववर्षाला वीस मुलांना घेऊन ज्याओझ करायचे आहेत. सारण शाकाहारी हवं. प्रमाण आणि कामाची वाटणी सांगा. (नांदेड)

फार चांगला बेत. चिनी घरात हा पदार्थ एकट्याने करत नाहीत. एक जण लाटतो, दोघं-तिघं भरतात, एक जण उकडतो, आणि गप्पा त्या वेळेतच होतात.

मुलामागे पाच, म्हणजे शंभर नग धरा. मैदा ८०० ग्रॅम, गार पाणी ४०० मिलिलिटर. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, नाहीतर लाटलेली पारी आखडते.

सारण: दीड किलो कोबी बारीक चिरून, दोन छोटे चमचे मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि फडक्यात घट्ट पिळा. साधारण किलोभर उरेल. त्यात कुस्करलेलं पनीर किंवा टोफू ३५० ग्रॅम, किसलेलं गाजर २०० ग्रॅम, आलं, मिरपूड. आधी तीन मोठे चमचे तेल घालून कालवा आणि सोया सॉस अगदी भरायच्या वेळी घाला. उलट केलंत तर मीठ भाजीला पाणी सोडायला लावतं, पारीची कड ओली होते आणि मिटत नाही. फुटलेल्या ज्याओझमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

पिठाच्या १२ ग्रॅमच्या गोळ्या करा. पारी आठ-नऊ सेंटिमीटरची, मधे जाड आणि कडेला पातळ. त्यासाठी एका हाताने पारी फिरवत दुसऱ्या हाताने छोटं लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं. हे चार मोठ्या मुलांना द्या. दोघं गोळ्या करतील, बाकीचे भरतील. सारण प्रत्येकी चहाचे दोन-अडीच चमचे, सपाट, जास्त नाही. अर्धचंद्र मिटताना आतली हवा बोटाने दाबून काढा. भरलेले नग मैदा भुरभुरलेल्या ताटात, एकमेकांना न चिकटता ठेवा आणि अर्ध्या तासात उकडा.

उकडायचं काम मोठ्या माणसाकडे. पाच लिटर खळखळत्या पाण्यात एका वेळी पंचवीसच सोडा आणि लगेच पळीच्या पाठीने तळापासून हलवा. पाण्याला पुन्हा उकळी आली की कपभर गार पाणी घाला. मांसाच्या सारणाला असं तीनदा करतात, तुम्हाला दोनदा पुरे. गार पाण्याने खळखळ कमी होते, पारी फाटत नाही आणि आतलं सारण शिजायला वेळ मिळतो. नग फुगून वर तरंगत राहिले की काढा.

एखाद्यात नाणं लपवायची रीत आहे. ज्याला ते मिळेल त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणतात. मुलांसाठी नाणं नको, शेंगदाणा घाला, चिनी घरांतही तो चालतो. सोबत तीन भाग व्हिनेगर, एक भाग सोया सॉस आणि आल्याच्या काड्या. उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, उत्तरेतल्या घरांत ज्याओझ खाऊन झाले की तेच गरम गरम वाटीतून पितात.